एक्सलचा फाटका बूट

टेमघरला आमची खोली शेठच्या कापड विणायच्या लूमच्या कारखान्यामागं होती. खोली शेठचीच, आणि बाळाचा बाप त्याच्याकडंच जॉबर, म्हंजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा. लूम, गाडी न्हाय. हे मी किती वेळा बोलले, पण सातवीत शाळा सोडलेल्या बाईचं ऐकतंय कोण.

शेठनं कुठूनतरी परदेशातली दोन दारांची लाल गाडी आणलेली, शर्यतीत पळवतात तसली, इतकी बुटकी की आत बसलं की पाटावर बसल्यासारखं वाटायचं, आणि ती तो आमच्या खड्ड्यांतून पळवायचा. तिच्या पुढच्या चाकापाशी एक्सलचा सांधा असतो, त्याच्यावर घड्याघड्यांचा रबरी बूट, आत ग्रीस. तो बूट फाटला आणि ग्रीस उडून सगळ्या चाकाला लागलं. गॅरेजवाला बोलला, असला बूट हिकडं मिळत न्हाय, बाहेरून मागवा. शेठला दम निघेल तर शपथ.

"मास्टर, जो लूम बना सकता है वो सब बना सकता है," तो ह्यांना बोलला, आणि जाताजाता हसून, "नहीं बनी तो मेरा भांजा आ रहा है गाँव से. वो भी जॉबर है. उसको खोली भी लगेगी."

हे पण हसले. गावाला आमचं घर न्हाय, रांगतं पोर घेऊन मी जायचं कुठं?

मग ती गाडी जॅकवर चढवून आमच्या दारात. पाण्याचा हंडा घेऊन मी भिंतीला घासत जायची, बाळ रांगत जाऊन ग्रीसमधी हात घालायचं, तोच हात तोंडात, आणि रॉकेलनं पुसावं तर त्याची कातडी लाल. ह्यांनी फाटका बूट सायकलच्या पंक्चरसारखा सोल्युशननं चिकटवायला घेतला.

"अवो, तेल लावलेल्या कपाळाला टिकली चिकटती का? आधी ते धुवा तरी."

"तू भाकरी बघ."

"भाकरीलाच ग्रीसचा वास मारतोय."

ठिगळ निघालंच. मग सायकलची ट्यूब कापून बुटावर गुंडाळली, लूमच्या दोरीनं दोन्हीकडून आवळली, आत लूमचंच ग्रीस कोंबलं. मी म्हटलं, अवो, एवढे दिवस उघडं होतं, आत माती गेली असंल. तर म्हणतात, झाकलं की झालं.

शेठ आला, खाली वाकून बघितलं. हे छातीवर हात मारून बोलले, एकदम पक्कं. "इतना भरोसा है तो भाभी को भी बिठा. बच्चे को भी घुमा के लाते हैं."

मला कोणी विचारलं न्हाय. मागच्या अडगळीएवढ्या जागेत गुडघे पोटाशी घेऊन मी बसले, बाळ छातीशी. मानकोलीपर्यंत रोड सरळ, गाडी गपगुमान चालली, पुढं दोघांचं आपलं हसणं-बोलणं. नाक्यावर शेठनं गाडी वळवली आणि चाकातनं आलं, टक टक टक टक. ते दोघं बोलतच होते. मला वाटलं सांगावं तर खोली जाती, न सांगावं तर चाक जाईल, आणि छातीशी बाळ झोपलेलं. मी बाळाला आणखी घट्ट धरलं. पुढं परत वळण आलं, आवाज मोठा झाला.

"थांबवा गाडी. चाक वाजतंय."

ह्यांनी मागं वळून असं बघितलं, जसं काय मी त्यांचं घरच जाळलं. "पंखा असंल तो."

"पंखा काय वळतानाच वाजतो?"

शेठनं बोलणं थांबवून गाडी परत हळू वळवली, कान दिला. उतरून बघतो तर ट्यूब फाटून दोरी लोंबतेय, सगळं ग्रीस बाहेर.

शेठनं गाडी रांगत रांगत परत आणली. घरी आल्याआल्या मी भांडी गोणीत भरायला लागले, हे उंबऱ्यावर डोकं धरून बसलेले. शेठ दारात उभा. "भाभी, ये क्या चल रहा है?" मग ह्यांना, "मास्टर, बूट बाहर से मँगवाता हूँ. तब तक एक्सल खोल के अपने पास रख. कौनसा पुर्जा कहाँ का है तेरे को ही मालूम, दूसरा आके उलझा देगा. भांजे को बोलता हूँ, बाद में आना."

एक्सल आमच्या खाटेखाली आला, फडक्यात गुंडाळून. बूट काय लवकर येईना, म्हंजे भाचा पण न्हाय. एकदा जेवताना हे म्हणाले, "शेठला बुटाची आठवण करून देऊ का?"

मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. म्हटलं, "गप जेवा."