गणपतमामांनी लावलेली पाळी

गणपतमामा गेल्याचा फोन सकाळी साडेसहाला आला. "मॅडम, दादा गेले... बसल्या बसल्या," त्यांचा मुलगा सांगत होता. खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही. मी धावत आत गेले आणि आईचं ऑक्सिजनचं मशीन चालू आहे ना, ते पाहिलं. एवढं माणूस गेलं आणि मला आधी माझीच भीती आठवली, याची लाज अजून वाटते.

मामा रेणापूरजवळच्या आमच्या गावातले निवृत्त लाइनमन. मी तिथल्या शाळेत शिकवते, म्हणून सगळे मला बाई म्हणतात. थंडीत सकाळी घरोघरी अंघोळीच्या बादलीत रॉड पडतात, त्याच वेळी गव्हाला पाणी द्यायच्या मोटारी सुरू होतात आणि डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज उडून सगळ्या गल्लीची लाइट जाते. आईची फुप्फुसं थकली, घरी मशीन आलं, तेव्हा मामांनी गल्लीला पाळ्याच लावून दिल्या. विहिरीकडच्यांनी सहाच्या आत पाणी तापवायचं, मारुतीकडच्या आम्ही सातनंतर; मधला तास मोटारींचा. कुणी कुरकुरलं की म्हणायचे, "तासभर थांबल्यानं कुणी मरत न्हाई. लाइट गेली तर म्हातारी मरंल." आई शेजारीच बसलेली असायची! मला भयंकर राग यायचा.

मागच्या भोगीची गोष्ट. तीळ लावून न्हाण्यासाठी त्या दिवशी सगळ्यांनाच गरम पाणी हवं असतं. मामा आदल्या संध्याकाळी दारोदार सांगून गेले होते. तरी मी पावणेसातलाच रॉड लावला. एका रॉडनं काय होतंय... गल्लीत आणखी चौघींना तसंच वाटलं असणार. मशीनचा आवाज एकदम थांबला. जादाचा सिलिंडर भरायला लातूरला गेलेला. आईचे ओठ निळसर पडत होते आणि मी तिचा हात धरून नुसती "श्वास घे गं" म्हणत होते.

मामा लुंगीवरच डीपीकडे पळाले. लाइट आल्यावर ते आईला बघायला आत आले, तर बादलीत माझा रॉड तसाच. त्यांनी बटण बंद केलं. "बाई, चहा टाका. हात लई गारठलेत," एवढंच म्हणाले. गल्ली पुढं आठवडाभर एकमेकांना दोष देत राहिली. ते कुणाला बोलले नाहीत, मीही नाही. त्यांना 'चुकले' म्हणायचं राहूनच गेलं.

राख सावडायच्या सकाळी त्यांच्याकडं पाहुण्यांसाठी कुणीतरी रॉड लावला. सव्वासहा झाले होते. मामी कोपऱ्यातून उठल्या आणि बटण बंद करून म्हणाल्या, "सात वाजू द्या. बाईच्या घरी मशीन चालू हाय." मी दारातच उभी होते. तशीच मागच्या मागं घरी आले.

भोगी आठ दिवसांवर आली आहे. पाळ्या सांगत आता मला फिरायचंय, आणि मी घाबरले आहे. मशीनची भीती तर आहेच. मागच्या वर्षी रॉड माझाही होता हे ऐकून लोक दार लावून घेतील, याची त्याहून जास्त. तरी प्रत्येक दारात आधी तेच सांगणार आहे. ते लपवून कुणाला थांबा म्हणायला मला तोंड नाही.