पेशंटची खुर्ची

"ताई गेल्या, प्रभूमध्ये निजल्या," असा डॉक्टर सुशीलाबाईंच्या धाकट्या बहिणीचा फोन आला, तेव्हा मी केडगावात उसाचा रस पीत उभा होतो. उभ्यानंच ऐकलं... आणि बाईंना तेच पटलं असतं. त्यांच्या दवाखान्यात टेबलासमोर एकच खुर्ची असे, ती पेशंटची. नातेवाइकांनी उभं राहायचं. "बसलेला नातेवाईक फार सल्ले देतो," त्या म्हणत. हा नियम माझ्यावरूनच निघाला, असं माझी बायको वैशाली आजही सांगते.

तिला सातव्या महिन्यातच कळा येऊ लागल्या होत्या. बाईंनी तपासून तिला खुर्चीत बसवलं. बाळ लवकर येईल असं दिसतंय, फुप्फुसं अजून कच्ची आहेत, श्वासाला बळ मिळावं म्हणून स्टिरॉइडची इंजेक्शनं द्यावीत, असं त्या म्हणाल्या. तो शब्द ऐकताच माझी आई उसळली. "आमच्या दाजींनी गुडघ्यासाठी कुणाच्या तरी पुड्या खाल्ल्या, त्यात तेच हुतं. तोंड भोपळ्यावानी सुजलं. अन् तुमी पोटुशीला देताय व्हय?"

"दाजींनी महिनोन्‌महिने खाल्लं, तेही न विचारता," बाई शांतपणे म्हणाल्या. "हे थोडक्यात आटपतं. पण धोका नाही असं म्हणणार नाही. हिची शुगर चढेल, जन्मल्यावर बाळाची उतरू शकते. बाळ लवकर आलंच नाही, तर दिलेलं वाया जाईल, आणि अशा मुलांचं पुढे काय होतं ते सगळं मला ठाऊक नाही."

मी घराण्याचा किस्सेवाला. हो-नाही सांगायलाही मला प्रस्तावना लागते. "दोन दिवस द्या," म्हटलं, "पुण्याच्या मेव्हण्याला विचारतो."

"विचारा. पण इंजेक्शनलाही काम करायला वेळ लागतो. तो तुम्ही फोनवर घालवलात तर त्याला काय उरेल?... आणि खुर्चीत कोण बसलंय?"

तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं. वैशाली म्हणाली, "माझी शुगर चढली तर उतरवता येईल ना?"

"येईल. मी लक्ष ठेवीन."

"मग द्या."

माझे दोन दिवस सरले आणि तिसऱ्या दिवशी मुक्ता आली. मुठीएवढी. थोडी धाप लागली, पण श्वास तिचा तिनं घेतला. तिची शुगर उतरली, बाईंनी सांगितलं होतं तशीच, आणि सावरलीही. हे सगळं इंजेक्शनमुळेच, असं मी छातीठोक म्हणत नाही. बाईंनी म्हणू दिलं नसतं. पण आज कॉलेजातून येऊन ती माझ्यावर ओरडते, तेव्हा तिच्या फुप्फुसांबद्दल मी मनोमन बाईंचे आभार मानतो.

परवा तिघं त्यांच्या बहिणीला भेटायला गेलो. दवाखान्याची खोली तशीच होती. वैशालीनं त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि मुक्ताला म्हणाली, "बस. तुझं इथंच ठरलं." बहिणीनं आतून माझ्यासाठी स्टूल आणलं. "आता तरी बसा, दादा."

"नको," मी भिंतीला टेकत म्हणालो, "बाई रागावतील."