बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचा खोकला

परदेशात कुठेशी लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मी तेव्हा अमरावतीत आठ रेचे मांडून बसलो होतो. कापसातली सरकी काढायची ती लाकडी यंत्रं बायका दिवसभर फिरवत. त्यातल्या एकावर माझी बायको असे. रुई वाऱ्याने उडून वाया जाऊ नये म्हणून मी खिडक्यांना गोणपाटं ठोकली होती. आपल्या हुशारीचं मला कोण कौतुक! आत धुळीने समोरचं माणूस पुसट दिसे. घसा मोकळा व्हावा म्हणून बायका गुळाचा खडा चघळत.

दुसऱ्या हिवाळ्यात बायकोला खोकला लागला. त्याची एक रीतच होती. बाजाराच्या दिवशी रेचे बंद असत, तेव्हा ती बरी असे. दुसऱ्या दिवशी कामावर बसली की छाती आवळून येई, पायरी चढताना दम लागे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी थोडं हलकं वाटे. सगळ्याच बायकांचं असं होई. मग आम्ही शहाण्यांनी ठरवलं की सुट्टीच बाधते, अंगाची सवय मोडते. बाजाराच्या दिवशीही मी रेचे चालू ठेवले. बायका कुरकुरल्या नाहीत, मजुरी वाढत होती.

त्या हिवाळ्यात घरोघर रेचे असलेल्या आमच्या गल्लीतून इतक्या तिरड्या निघाल्या की बुरूड बांबू आधीच तोडून ठेवू लागला. पलीकडच्या विणकर साळ्यांच्या आळीत तसं काही नव्हतं. लोक म्हणत, गल्लीला कुणाची तरी नजर लागली. मला ते पटत नव्हतं, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. बायको खोकली की मी हातातलं काम टाकून खोकला थांबायची वाट पाहत राही.

माघात तिच्या भावाचं लग्न निघालं, म्हणून ती तेल्हाऱ्याला माहेरी गेली. वीसेक दिवसांनी मी आणायला गेलो, तर ती जात्यावर बसली होती. दळता दळता ओवी म्हणत होती, आणि सूर कुठेही तुटत नव्हता. मी दारातच उभा राहून ऐकलं. इतका आनंद मला भाव चढल्याचाही झाला नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, "जवाईबापू, अजून पंधरा दिवस राहू द्या तिले. इथं आल्यापासून एकडाव खोकली नाही."

मी बायकोकडे पाहिलं. "कसं वाटून राहिलं तुले?"

"मले काय झालं? चांगली हाओ मी," ती म्हणाली. "चला ना. मी नसली त बायका दुसऱ्याच्या रेच्यावर जाऊन बसतीन."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गाडी जुंपली. सासूबाई वेशीपर्यंत आल्या.

आली तशी ती पुन्हा त्या धुळीत रेच्यावर बसली, आणि होळीच्या आधीच गेली. शेवटचे चार दिवस तिला आडवं होता येत नव्हतं. भिंतीला टेकून, तोंड उघडं ठेवून ती श्वास ओढत होती. नजर लागली, असं लोक म्हणाले, आणि मीही मान हलवली. खरं ते मी सासूबाईंनाही कधी सांगू शकलो नाही. तिथे ती बरी झाली होती, आणि बरी झाली म्हणूनच मी तिला परत आणलं.