दहापैकी दहा

पहिल्या भेटीत वडिलांना दहापैकी सहा शब्द आठवले. त्यानंतर आठवडाभर ते घरात कुणाशी धड बोलले नाहीत.

विद्यापीठातल्या एका विभागाने माणूस आयुष्यभर कसा बदलत जातो याचा अभ्यास हाती घेतला होता. त्यासाठी निवडलेल्या लोकांना दर दोन वर्षांनी तेच प्रश्न विचारायचे. आमच्याकडे शनिवार पेठेत एक संशोधक मुलगी यायची. वडिलांना एका पायावर उभं करायची, मुठीचा जोर मोजायची, आणि दहा शब्द वाचून दाखवून थोड्या वेळाने परत विचारायची. वडिलांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं. सहा म्हणजे जेमतेम पास.

"यादी मिळेल का?"

"देता येत नाही, काका."

मी आतल्या खोलीत बसून ती उतरवून घेतली होती. ती त्यांना दिली. "जुने पेपर सोडवल्याशिवाय परीक्षेला बसतं का कुणी?" ते म्हणाले. मग रोज अंघोळीनंतर विहीर, कात्री, सोमवार असं सुरू व्हायचं. शिक्षकाच्या घरात यात काही गैर आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मी तेव्हा हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहीत होते. सातच्या बसने जायचं, परतायला आठ. मला दिसले ते फक्त रविवार. अशाच एका रविवारी वडील भाजी आणायला गेले आणि दोन तासांनी ओळखीच्या दुकानदाराबरोबर परतले. दुकानदार माझ्याकडे पाहून नुसती मान हलवून गेला.

"रस्ते खणलेत सगळे," वडील म्हणाले. रस्ते खणलेले होतेही. मला तेवढं पुरलं. पुढे भाचीला त्रैराशिक शिकवताना ते मधेच थांबले आणि वही मिटून बसले, तेव्हाही मी स्वयंपाकघरात निघून गेले.

दुसऱ्या भेटीत दहापैकी दहा.

"काका, या वयात?"

"वय तुमच्या फॉर्मवर लिहिलेलं आहे. ते पुन्हा कशाला?"

मुलगी हसली. मग घरच्यांसाठीचा प्रश्न तिने मला विचारला: दोन वर्षांत यांच्यात काही बदल जाणवला का? वडील माझ्याकडे पाहत होते. वर्गात उत्तर येत नसलेलं मूल पाहतं तसे.

"नाही," मी म्हटलं.

तिसऱ्या वेळी यादी नवी होती. तिने पहिला शब्द उच्चारताच वडिलांनी हात वर करून तिला थांबवलं आणि जुने दहा शब्द क्रमाने, घडाघडा म्हटले. मुलीचं पेन थांबलं. वडील समाधानाने माझ्याकडे वळले.

"आपण यांच्याबरोबर आलात का? उभ्या का? बसा ना."

डॉक्टरांनी विचारलं, आधी का आणलं नाही. मी रस्त्यांचं सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात वडील गेले. महिन्याभराने ती मुलगी शेवटचा फॉर्म घेऊन आली. बदल प्रथम कधी लक्षात आला? मी त्या रविवारचा महिना आणि वर्ष लिहिलं. तिने जुने कागद काढून शेजारी ठेवले आणि तारखा ताडून पाहिल्या.

"ताई, याच्यानंतरच्या भेटीत तुम्ही 'नाही' म्हणालात."

"हो."

"ते उत्तर आता बदलता येत नाही."

"बदलू नका," मी म्हटलं. "दोन्ही राहू द्या."