कंट्रोलचं रक्त

गोचिडीतून माणसात येणाऱ्या आणि आजाऱ्याच्या रक्तातून दुसऱ्याला लागणाऱ्या तापाची तपासणी करताना एक रक्त असं लागतं, की त्या माणसाला तो ताप कधीच झालेला नाही. त्याला आम्ही कंट्रोल म्हणतो. सटाणा, नामपूरकडच्या गुराख्यांचं रक्त प्लेटच्या खळग्यांत टाकायचं; कंट्रोलपेक्षा बराच गडद रंग आला, तर त्या माणसाला लागण होऊन गेलेली. या तापावर लस बनवणाऱ्या आमच्या नाशिकच्या प्रयोगशाळेत कंट्रोल म्हणजे मी. दर महिन्याला रक्त काढायला माझा मित्र माझ्या दंडाला पट्टा बांधायचा. आम्ही एकाच दिवशी नोकरीला लागलो. गावं आणि गोचिडी माझ्याकडे, प्लेटा त्याच्याकडे. कुणाचाही आकडा मी पडताळल्याशिवाय घेत नाही. त्याचा घ्यायचो.

गेल्या उन्हाळ्यात तो बैठकीला पुण्याला गेला आणि एक प्लेट मला लावायला सांगून गेला. फ्रीजमध्ये कंट्रोलची नळी दिसेना. मग सिस्टरकडून मी स्वतःचंच रक्त काढून घेतलं. जे खळगे कोरे राहायला हवेत, ते पिवळेधमक झाले. हाताची चूक असेल म्हणून पुन्हा लावली. पुन्हा पिवळे.

त्याला फोन केला.

"अरे, तुझं नको टाकूस यार! कंट्रोल खालच्या कप्प्यात आहे. तुझं बंद करून वर्ष झालं."

"मग दर महिन्याला माझं रक्त कशाला काढतोस?"

"पॉझिटिव्ह म्हणून. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती किती आली, ते कशाशी तरी ताडून बघावं लागतं ना? असं रक्त विकत मिळत नाही, भाऊ."

म्हणजे आदल्या वर्षीचा माझा ताप हाच होता. नामपूरहून आल्यावर चढला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. डॉक्टर म्हणाले व्हायरल. बायको माझ्यासमोर भांडं धरायची, तोंड पुसायची, उघड्या हातांनी. हा तेव्हा संत्री घेऊन भेटायला आला होता आणि जाताना एक नळी रक्त घेऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, "क्लीन आहे."

"तेव्हाच कळलं होतं तुला?"

"लॅबच्याच माणसाला लागण म्हटल्यावर लॅबला कुलूप लागलं असतं रे. लस तिथंच संपली असती. आणि तू ठणठणीत झालास की!"

"आणि तुझी वहिनी?"

तो म्हणाला, "वहिनींना काही झालं असतं तर एव्हाना दिसलं असतं."

घरी सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, ते क्लीन आहे सांगायला आले तेव्हा मी त्यांना चहा दिला. तुमचं रक्त पुसलेले हात नुसते पाण्याने धुऊन. माझ्याकडे बघून हसले ते. म्हणाले, वहिनी, नीट सेवा करा."

मी मित्राला तिचं रक्त तपासायला सांगितलं. "वहिनी प्रकल्पात बसत नाहीत," असं उत्तर आलं. दुसरीकडे तपासून घेतलं. निकाल येईपर्यंत ती मुलांच्या ताटात हाताने वाढत नव्हती, चमचा घ्यायची. काही निघालं नाही.

मी रक्त देणं बंद केलंय. लसीचं काम रखडलं, आणि सहकारी म्हणतात, जुनं धरून बसलोय. लस व्हावी असं मलाही वाटतं. त्या तापाने घरातला माणूस गेलेल्यांच्या ओट्यावर मी बसलोय. परवा मित्र पट्टा घेऊन टेबलापाशी आला. या वेळी रक्त कशासाठी हवंय, ते त्याने खरंखरं सांगितलं. मी शर्टाची बाही वर केली नाही.