उत्तरेच्या भिंतीचा रंग

ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेत, ॲन आर्बरच्या विद्यापीठात जुन्या इमारतींवर पीएच.डी. करत होतो. त्याच मिशिगन राज्याच्या उत्तर भागात नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांचं एक लाकडी चर्च होतं. त्याची मापं घ्यायला प्राध्यापकांनी मला पाठवलं.

चर्चची किल्ली एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे असे. त्याच्या आजोबांच्या पिढीनं ते नकाशाशिवाय, पावलांनी जागा मोजून बांधलं होतं. मायदेशी गावातलं चर्च जसं आठवत होतं तसं. कोणाला तीन खिडक्या आठवत होत्या, कोणाला चार. म्हणून एका भिंतीला तीन, दुसरीला चार! दर तिसऱ्या उन्हाळ्यात सगळा गाव ओंडक्यांच्या भिंतींना पाइनच्या लाकडातून काढलेलं डांबर लावी. प्रत्येक घराचा भिंतीचा तुकडा ठरलेला. मी इतकं जपलेलं लाकूड कुठेच पाहिलं नव्हतं.

तरी शहाणपणा केलाच. किल्लीवाल्याला म्हणालो, "एवढे कष्ट कशाला? नवा जाड रंग आलाय, उत्तरेच्या भिंतीला लावून बघा." विद्यापीठाचा माणूस म्हणून त्यानं ऐकलं आणि गावाला पटवलं. मी त्या रंगाचं फक्त माहितीपत्रक वाचलं होतं.

चार वर्षांनी पुन्हा गेलो. भिंत चकचकीत होती. तळच्या ओंडक्यावर अंगठा दाबला, तर तो आत गेला. डांबरातून लाकडाची ओल बाहेर पडत असे. रंगानं ती आत कोंडून लाकूड कुजवलं होतं.

चर्चच्या तळघरात गावातले सगळे कॉफी पीत होते. एक आजीबाई किल्लीवाल्यावर करवादल्या, "तुझाच हट्ट ना रंगाचा? आजोबा बघत असतील वरून!"

"बघू दे. त्यांना तरी कुठे खिडक्या मोजता आल्या?" तो म्हणाला. सगळे हसले. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. तो मला वाचवत होता आणि मी गुपचूप दुसरा कप भरून घेतला. त्या कपाची लाज अजून जात नाही.

कप संपल्यावर मी उभा राहिलो. "रंग मी सुचवला होता. न तपासता."

मग आजीबाईंनी विचारलं, "शिडीवर चढता येतं?"

"येतं."

"मग तो तुकडा तुझा. ओंडका आम्ही बदलू, रंग तू खरवड."

उन्हाळाभर दर शनिवारी गाडी काढून जात होतो. नवा ओंडका बसला, तेव्हा किल्लीवाल्यानं डांबराचा डबा माझ्या पायाशी ठेवला आणि स्वतःच्या तुकड्याकडे वळला.

तीन वर्षांनी, डांबराच्या उन्हाळ्यात, त्या गावाहून पोस्टकार्ड आलं. त्यावर फक्त तारीख होती. मी गेलो.