हेडलाइटचं चोरबटण

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. नुसत्या माना नका हलवू, तोंडाने बोला. हां. कारण हीच गोष्ट माझ्या जावेला सांगितली तर तिला असा ठसका लागला की चहा नाकातून आला.

तर माझं माहेर निपाणी, सासर बेळगाव, आणि गेली अकरा वर्षं मुक्काम बेंगळूरात. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात मी तपासणीला आहे. आम्ही काय बनवतो? दुचाकीचे हेडलाइट! लाइनवरून तयार होऊन आलेला प्रत्येक दिवा मी पेटवून बघायचा, उलटापालटा करून चरा-बिरा शोधायचा, आणि मग त्याच्या पाठीवर माझा शिक्का मारायचा. सतरा नंबर. तुमच्या गाडीच्या दिव्यामागे सतरा दिसला तर समजा, वैशालीचा हात लागलाय.

माझ्या स्वतःच्या स्कूटरचा दिवासुद्धा आमच्याच लाइनचा. आणि त्या दिव्याने माझा जीव नकोसा केला होता, शप्पथ!

हल्लीच्या गाड्यांना हेडलाइटचं बटणच नसतं, ठाऊक आहे ना? इंजिन सुरू झालं की दिवा लागतो, इंजिन बंद की विझतो. भर दुपारीसुद्धा. का? तर ट्रकवाल्याला, बसवाल्याला आपण लांबूनच दिसावं. चांगली गोष्ट आहे की! पण हे लोकांना कोण सांगणार?

सकाळी बोम्मनहळ्ळीतून निघाले की होसूर रोडवर समोरून येणारा जो तो मला हात करणार. पाची बोटं मिटायची, उघडायची, मिटायची, उघडायची. म्हणजे काय? ‘अक्का, लाइट आन इदे!’ तुमचा दिवा चालू राहिलाय! सिग्नलला थांबले की शेजारचा रिक्षावाला तेच. बसचा कंडक्टर दारातून ओणवा होऊन तेच. एकदा शाळेची व्हॅन शेजारून गेली. आतली सगळी पोरं खिडकीला नाक लावून, दोन्ही हातांनी, लुकलुक लुकलुक! आणि हे सगळे बायकांनाच जास्त सांगतात बरं का. शेजारी मिशीवाला बुलेट घेऊन उभा असेल, त्याचाही दिवा चालूच असतो, त्याला कोणी हूं म्हणत नाही. सगळी काळजी माझी!

सुरुवातीला मी हसून मान हलवायची. मग समजावून सांगायला लागले. ‘अण्णा, ही नवी गाडी आहे, हा दिवा बंद होतच नाही, हा तुमच्याच भल्यासाठी आहे.’ माझं भाषण अर्ध्यावर येतंय तोवर सिग्नल हिरवा, मागचे हॉर्न वाजवून शिव्या घालतायत, आणि अण्णा निघून गेलेले. पुढच्या सिग्नलला नवा अण्णा!

मग एके दिवशी एक पांढऱ्या धोतरातले आजोबा जुन्या मोपेडवरून माझ्या मागे लागले. चांगले दोन सिग्नल! मला वाटलं काही पडलं-बिडलं की काय. गाडी बाजूला घेतली. आजोबा धापा टाकत आले, हेल्मेट काढलं, घाम पुसला आणि म्हणाले, ‘बाळा, लाइट आन इदे.’

संपलं! माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू!  वय बघून नुसतं ‘बरं आजोबा’ म्हटलं. पण त्याच दिवशी सुटल्यावर गाडी तडक नागराजण्णाच्या गॅरेजवर घातली.

“नागराजण्णा, या दिव्याला बटण बसवून द्या. बंद करायचं.”

नागराजण्णाने माझ्याकडे वरून खाली बघितलं. “अक्का, तुम्ही हेडलाइटच्याच कंपनीत ना?”

“होय.”

“मग तुम्हालाच दिवा नको?”

“दिवा पायजे हो! लोक नको आहेत!”

“असं करू नये अक्का. पोलिसाने पकडलं तर?”

“पोलिसानेसुद्धा परवा मला लाइट बंद करायला सांगितलंय! बसवा तुम्ही.”

“सरी, बरं,” म्हणाला बिचारा, आणि हँडलखाली तो छोटा कप्पा असतो बघा, आपण पाण्याची बाटली ठेवतो तो, त्याच्या आत खोलवर एक चोरबटण बसवून दिलं. बाहेरून कुण्णाला दिसायचं नाही.

आणि काय सांगू, स्वर्ग हो स्वर्ग! होसूर रोडवरून गेले तर एक हात हलेना, एक अक्का ऐकू येईना. फक्त एक नवीनच सुरू झालं. रिक्षा एकदम माझ्या पुढ्यात वळायला लागल्या. कारची दारं माझ्या तोंडावर उघडायला लागली. मी ओरडले की सगळ्यांचं एकच, ‘काणिसलिल्ल अक्का!’ दिसलाच नाहीत म्हणे! मी म्हटलं, काय बाई लोक तरी, दिवसेंदिवस आंधळे होत चाललेत. यात आपलं काही चुकतंय असं या बाईच्या डोक्यात आलं का? छे!

अंधार पडायच्या आत मी घरी यायची, त्यामुळे त्या बटणाला परत हातच लागेना. महिन्याभरात ते आहे हेसुद्धा विसरले.

आता खरं ऐका. आमच्या लाइनला एक नवा दिवा बनवायचं काम येणार होतं. मोठी ऑर्डर. ती आली तर लाइनवरच्या बारा काँट्रॅक्टच्या बायकांचं काम पुढे चालू राहणार, नाही आली तर बाराजणी घरी. आमची लाइन लीडर गिरिजाक्का, तिने त्या बाराजणींना हाताला धरून काम शिकवलेलं. दोन वर्षांत लाइनची एक तक्रार येऊ दिली नव्हती बाईने. आणि ऑर्डर द्यायची की नाही हे ठरवायला गिऱ्हाईक कंपनीच्या केतकर मॅडम येणार होत्या. पुण्याहून.

झालं! आमच्या मॅनेजर साहेबांना आठवलं की वैशाली मराठी. एरवी माझी मराठी कारखान्यात कोण विचारतंय? घरी नवऱ्याशी भांडायला आणि निपाणीला फोन करायला, एवढाच तिचा उपयोग. पण त्या दिवशी साहेब म्हणाले, “मॅडम तुमच्या भाषेच्या. तूच त्यांना फिरव, तूच सगळं सांग.”

गिरिजाक्काने माझा हात धरला. “वैशाली, चांगलं बोल हं. माझ्या पोरी तुझ्या हातात आहेत.”

मी बोलले हो! असं बोलले, असं बोलले, की साहेबांना एक अक्षर कळत नव्हतं तरी ते मान डोलावत होते. केतकर मॅडम बारीक चणीच्या, चष्मा नाकावर, सगळं टिपून घेतायत. सगळं बघून झालं तेव्हा म्हणाल्या, “उत्तम आहे. एकदा गाडीवर बसवलेला दिवा बघू या का?”

मी कशाला गप्प बसतेय! “बघा की मॅडम! माझ्याच स्कूटरला आपल्या लाइनचा दिवा आहे!”

निघाली की वरात! पुढे मी, मागे मॅडम, साहेब, गिरिजाक्का आणि निम्मी लाइन. पार्किंगमध्ये स्कूटरजवळ मी छाती काढून उभी राहिले.

“मॅडम, याला बटणच नाही. विसरायचा प्रश्नच नाही. इंजिन लावलं की दिवा लागलाच म्हणून समजा!”

आणि स्टार्टर दाबला.

इंजिन लागलं. दिवा ढिम्म.

बंद केलं, परत लावलं. ढिम्म. तिसऱ्यांदा लावायला गेले आणि तेव्हा आठवलं. चोरबटण! पायाखालची जमीनच सरकली माझ्या.

मी आपलं हळूच एक हात कप्प्यात घातला. मॅडम वाकून बघतायत. “काय शोधताय?”

“रुमाल.”

घाबरून दुसऱ्या हाताने हॉर्न दाबला गेला, पँऽऽ! साहेब दोन फूट मागे उडाले. बटण काही हाताला लागेना. बाटली बाहेर आली, जुनी पावती आली, खोबऱ्याची वडी आली. सगळ्यांच्या नजरा माझ्या हातावर.

आता त्याच वेळी खरं सांगून मोकळं व्हावं की नाही? पण नाही! माझ्या तोंडातून काय निघालं?

“दिवा गेला वाटतं मॅडम. सकाळपर्यंत तर लागत होता!”

केतकर मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. “सकाळपर्यंत लागत होता, म्हणजे वापरात असताना निकामी झाला. हे तर फार गंभीर आहे. फील्ड फेल्युअर.”

तेवढे दोन शब्द साहेबांना बरोबर कळले. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

त्यानंतर जे सुरू झालं ते माझ्या बापाला आवरलं नसतं. लाइन थांबवली. तयार मालाच्या खोक्यांवर पिवळी ‘होल्ड’ची लेबलं लागली. बारा बायका हातमोजे काढून भिंतीला टेकून उभ्या. एक तर रडायलाच लागली. माझ्या गाडीचा दिवा काढून टेबलावर आणला, तारा जोडल्या, आणि तो मेला लख्ख पेटला! असा पेटला की डोळे दिपले!

मला वाटलं, सुटले. पण कुठलं!

“इथे लागतो आणि गाडीवर लागत नाही? म्हणजे दोष अधूनमधून येतोय. हे तर जास्तच वाईट,” मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी दिवा उलटा केला. “याची तपासणी कोणी केली? सतरा नंबर कोण?”

सगळी लाइन माझ्याकडे बघायला लागली. धरणीमायने पोटात घ्यावं असं वाटलं मला. आणि एवढ्यात गिरिजाक्का पुढे आली. डोळ्यांत पाणी, पण आवाज खणखणीत. कन्नडात म्हणाली, “साहेब, सतरा नंबरच्या हातून खराब दिवा जाणार नाही. मी वैशालीला ओळखते. चूक असेल तर माझी धरा, तिला काही बोलू नका.”

आता सांगा, कुठे तोंड लपवावं माणसाने? माझ्या लबाडीपायी ही बाई आपली मान पुढे करतेय!  तिकडे एक जण स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्या गाडीचं वायरिंग उघडायला निघाला होता.

“थांबा!” मी ओरडले. आणि मॅडमजवळ जाऊन, मराठीत, अगदी हळू आवाजात म्हटलं, “मॅडम, दिवा चांगला आहे. बटण बंद आहे.”

“बटण? तुम्हीच म्हणालात, याला बटण नसतं.”

“नसतं. मी बसवून घेतलंय.”

“का?”

“लोक सारखे सांगतात, लाइट चालू आहे, लाइट चालू आहे!”

“त्यांना कसं कळतं चालू आहे ते?”

“दिसतो ना त्यांना!”

मॅडमनी चष्मा काढला. “आणि हा दिवा दिवसा कशासाठी लावलेला असतो?”

तुम्ही हसताय. कबूल केलं होतं तुम्ही! मी मात्र तिथे खाली मान घालून, शाळेतल्या पोरीसारखी म्हटलं, “दिसण्यासाठी.”

“म्हणजे तुमचा दिवा रोज आपलं काम चोख करत होता, आणि रोज दहा माणसं तुम्हाला तशी पावती देत होती. आणि त्याचा तुम्हाला राग आला.”

 बाकी कुणाला अजून काही कळलं नव्हतं. साहेब घाम पुसत एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते. गिरिजाक्काने तर माझ्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली होती.

मॅडमनी वहीत तक्रारीवर आडवी रेघ मारली. म्हणाल्या, “दिव्यात काही खोट नाही. लाइन चांगली आहे, ऑर्डर मी तुमच्याच लाइनला देणार. खोट आहे ती फक्त सतरा नंबरच्या डोक्यात.”

मी सुटकेचा श्वास टाकला. म्हटलं, वाचले! मराठीत झालं ते मराठीतच राहिलं.

“एनंते? काय म्हणतात?” साहेबांनी विचारलं.

मी कन्नडात म्हटलं, “म्हणतात, दिवा चांगला आहे, लाइन चांगली आहे, ऑर्डर आपल्यालाच.”

बाराजणींनी असा गलका केला! गिरिजाक्काने मला मिठीच मारली. मॅडम मात्र हलल्या नाहीत. गलका थांबेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, “तीनच गोष्टी सांगितल्यात तुम्ही. मी चार बोलले. चौथीही सांगा. बटणापासून सांगा. मला कन्नड येत नाही, पण कोण हसतंय आणि कोण नाही, ते मला कळतं.”

काय करते! उभी राहिले आणि सांगितलं. धोतरातले आजोबा, नागराजण्णा, कप्पा, बटण, रुमाल, सगळं. शेवटी मॅडमचं वाक्यही, एक शब्द न गाळता. माझ्याच डोक्यातली खोट, माझ्याच तोंडाने, भर लाइनसमोर! 

मग गिरिजाक्काने माझ्या पाठीवरचा हात काढून कमरेवर ठेवला आणि म्हणाली, “शेवटचं वाक्य स्वल्प मोठ्याने सांग गं. मागच्यांना ऐकू आलं नाही.”